शेवटच्या पानावरची बाई

“...दहा, अकरा, बारा! अगं, ह्या बारा आहेत!” ढब्बू ओरडला.

सुट्टी असूनही तिघं सकाळपासून चर्चच्या मागच्या खोलीत पितळी मेणबत्तीदाण्या घासत होती. उद्या सण होता. त्या एकाच दिवशी स्मरण होणाऱ्या संतांची आणि धन्यवादितांची, म्हणजे संतपदाच्या एक पायरी अलीकडच्या पुण्यवंतांची, नावं चर्चचे मास्तर वहीतून वाचत आणि प्रत्येक नावाला एक मेणबत्ती लागे.

“पण नावं तर अकराच!” धाकटं शेंडेफळ म्हणालं. “मागच्या वर्षी मेणबत्त्या लावणाऱ्या आजोबांनी बारावी लावली, तेव्हा काय हसलो होतो आपण!”

चश्मिशने हातातली मेणबत्तीदाणी फळीवर ठेवली. सगळ्यांत आधी तीच फिदीफिदी हसली होती. आजोबा बिचारे सांगत होते, “एक बाई राहिली हो, नाव आठवत नाही, पण राहिली!” मास्तरांनी वही त्यांच्या नाकासमोर धरली. चाळीस वर्षं मेणबत्त्या लावणाऱ्या माणसाला ‘आता वय झालं’ म्हणून घरी बसवलं.

“ही फळी बघा!” ती एकदम म्हणाली. “मेणबत्तीदाण्या ठेवायच्या खाचाही बारा! सुताराचंही वय झालं होतं का? वही आण रे!”

वहीचं शेवटचं पान पुठ्ठ्यासारखं जाड लागत होतं. ढब्बूने ते खिडकीशी धरलं, तर आत पुसट अक्षरं!

“दोन पानं चिकटलीत! मेणाने!”

“ओढू नकोस, फाटेल!”

शेजारीच मावशी वेदीवरच्या कापडांना इस्त्री करत होत्या. मेणाचे डाग काढण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. त्यांनी टिपकागद ठेवून कोमट इस्त्री फिरवली आणि पानं अलगद सुटली. आत एकच नाव होतं, एका धन्यवादित बाईचं. पुढे लिहिलं होतं: साथीत आजाऱ्यांचे कपडे धुतले.

मास्तर धावत आले आणि त्यांनी वही हातात घेऊन ते नाव वाचलं.

“दोन वर्षांपूर्वी ऐन वाचनात दिवे गेले. मीच मेणबत्ती धरून वाचलं. मेण सांडलं माझ्या हातून, आणि वेड्यात काढलं आजोबांना!”

“शाबास पोरांनो!” मास्तरांच्या मागोमाग आलेले फादर म्हणाले. “चला, आधी माफी मागू या.”

आपल्या घराच्या दाराशी एवढी माणसं बघून आजोबा गोंधळले. वहीतलं नाव त्यांनी दोनदा वाचलं. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं, असं चश्मिशला वाटलं.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी बाराही नावं वाचली. आजोबांनी एकेक मेणबत्ती लावली. मग ते चश्मिशकडे वाकून हळूच म्हणाले, “बाळ, जरा मोजतेस का? बाराच झाल्या ना?”

चाळीस वर्षांत त्यांनी हे कुणालाच विचारलं नव्हतं.

“बाराच आहेत, आजोबा. तेव्हाही बरोबरच होत्या,” ती म्हणाली. मागून फादरांनी तिच्या पाठीवर कौतुकाने थाप दिली, पण तिला मान वर करवली नाही.