बांधापलीकडची गोळी

१९८६ सालचा ऑक्टोबर होता. लीड्सच्या एका हॉस्पिटलात भूल देणारा डॉक्टर यशोधन राजवाडे शनिवारी दुपारी एकटाच गाडी घेऊन डेल्सच्या डोंगराळ भागाकडे निघाला. त्याला रायफल विकत घ्यायची होती.

पुण्यात कॉलेजला असताना एनसीसीमध्ये त्याचा नेम नावाजलेला होता. इथे स्थिरावल्यावर तो रायफल क्लबात जाऊ लागला आणि स्वतःची सेमी-ऑटोमॅटिक हवी, हे वेड डोक्यात शिरलं. पोलिसांनी त्याच्या शस्त्र-सर्टिफिकेटवर दोन कॅलिबरना, म्हणजे गोळीच्या मापांना, परवानगी दिली होती, छोटं टू-टू आणि मोठं थ्री-ओ-एट. घ्यायची मात्र एकच. निघताना त्याची बायको सुमेधा म्हणाली होती, “आणणारच असशील तर छोटी आण. मोठी घरात आली की मला झोप नाही लागायची.”

विक्रेता हार्ग्रीव्ह्ज हा थकलेला, मितभाषी म्हातारा होता. त्याचं दुकान म्हणजे शेतावरचं जुनं दगडी कोठार. आत बंदुकीच्या तेलाचा आणि ओल्या लोकरीचा वास कोंडला होता. त्याने दोन्ही रायफली टेबलावर ठेवल्या.

“ही टू-टू. आवाज कमी, धक्का जवळजवळ नाहीच. गोळी मातीत शिरली की तिथेच थांबते.” मोठी रायफल त्याने फडक्यात धरूनच पुढे सरकवली. “ही थ्री-ओ-एट. सेकंडहँड आहे. हिची गोळी... सहज थांबत नाही.”

“चालवून बघू?”

म्हाताऱ्याने नाखुशीनेच होकार दिला.

कोठारामागे दगड काढून संपलेली खाण होती. पार टोकाला कागदी टार्गेट, त्यामागे मातीचा उंच बांध आणि बांधापलीकडे ओसाड माळ. माळावरून धुकं हळूहळू खाली उतरत होतं.

टू-टू शहाण्यासारखी चालली. फांदी मोडावी तसा आवाज, कागदावर एकमेकांलगत पडलेली बारीक भोकं. यशोधनला ती पोरखेळ वाटली. मग त्याने थ्री-ओ-एट खांद्याला लावली. पहिल्याच बाराने खाण हादरली, धक्का थेट छातीपर्यंत पोचला. आणि त्याला ते आवडलं. दर वेळी बोल्ट ओढायला नको. बोट दाबलं की झालं. तो दाबत गेला. शेवटच्या गोळीला नळी किंचित वर उचलली गेली.

हार्ग्रीव्ह्ज दुर्बिणीतून पाहत होता. “शेवटची कागदावर नाही,” तो म्हणाला.

“बांधात गेली असेल.”

“नाही... वरून गेली.”

खाणीत घुमणारा आवाज विरला आणि यशोधनला श्वास ऐकू आला. भूल देणाऱ्याचं निम्मं आयुष्य दुसऱ्यांचे श्वास ऐकण्यात जातं. हा आत जाताना अडखळत होता आणि बाहेर येताना बुडबुडत होता. छातीत रक्त भरत चाललेल्या माणसाचा श्वास. इतक्या लांबून तो ऐकू येणं शक्यच नव्हतं, पण हे त्याला नंतर सुचलं. त्या क्षणी त्याने रायफल खाली ठेवली आणि धावत सुटला.

“डॉक्टर, जाऊ नका,” मागून म्हातारा म्हणाला. “तिथे कोणी नाहीये.”

यशोधन बांध चढून पलीकडे उतरला. धुक्यात दहा-बारा पावलांपलीकडचं दिसत नव्हतं. श्वास मात्र अगदी पायाशी होता. तिथलं गवत माणसाच्या लांबीएवढं दबलेलं होतं. त्यावर कोणीच नव्हतं. त्याने गुडघे टेकून तळवा ठेवला. गवत ऊबदार होतं. ओल्या लोखंडासारखा वास आला.

“मी डॉक्टर आहे,” तो हळूच म्हणाला. “घाबरू नका... मी इथेच आहे.”

श्वास थांबला. संपला नव्हता. कोणीतरी ऐकण्यासाठी तो रोखून धरावा, तसा थांबला होता.

यशोधन पाय ओढत मागे सरकला. वर बांधावर हार्ग्रीव्ह्ज उभा होता. तो खाली उतरला नाही.

“हिच्या पहिल्या मालकाचीही एक गोळी अशीच वरून गेली होती,” तो म्हणाला. “असंच धुकं होतं. माळावर एक माणूस फिरायला आला होता. बराच वेळ जिवंत होता म्हणतात. मालकाने हाका ऐकल्या, पण भीतीने तो बांध ओलांडून आलाच नाही.”

“आणि तीच रायफल तुम्ही विकताय?”

“विकली की परत येते. घेणाऱ्यांना सगळ्यांनाच ते ऐकू येतं. पण...” म्हातारा त्याच्या पायांकडे पाहत राहिला. “इथपर्यंत कोणी आलं नव्हतं. त्याच्याशी कोणी बोललं नव्हतं.”

यशोधनने निमूटपणे टू-टू घेतली आणि उजेड असतानाच घरी परतला. छोटी रायफल पाहून सुमेधाला हायसं वाटलं. ती चहा टाकायला आत गेली. यशोधनने मोजे काढले, तेव्हा उजव्या घोट्याभोवती त्याला काळेनिळे वळ दिसले. चार बोटं एका बाजूला, अंगठा दुसऱ्या बाजूला. आडवं पडलेल्या कोणीतरी खालून घट्ट धरावं, तसे. दुखत मात्र अजिबात नव्हतं. सुमेधाला त्याने सांगितलं की धुक्यात पाय अडकला.

वळ काही दिवसांत जातात, हे त्याला डॉक्टर म्हणून ठाऊक होतं. हेही जातील म्हणून तो पायांकडे न बघता वाट पाहत राहिला.

पुढच्या रविवारी सकाळी तो आंघोळ करून टॉवेलमध्ये बाहेर आला. सुमेधा कपड्यांना इस्त्री करत होती. तिची नजर त्याच्या पायावर गेली आणि हातातली इस्त्री तशीच राहिली.

“यशोधन,” ती म्हणाली, “हे घोट्यावर होतं ना रे?”

त्याने खाली पाहिलं. घोटा स्वच्छ होता. पोटरीही स्वच्छ होती. बोटांचे वळ आता गुडघ्याच्या वर, मांडीवर होते. आणि डाव्या मांडीवर, थोडे आणखी वर, दुसऱ्या हाताचे.