बोडीचं पाणी

टेबलावर तीन बाटल्या होत्या. दोन तलावांच्या, एक बोडीची. त्या सकाळी काठावर बसूनच रोशनी नान्हे हिने दोन रसायनं घालून पाण्यातला प्राणवायू बांधून ठेवला होता. दोन बाटल्यांच्या तळाशी गडद तपकिरी साका होता. तिसरीतला जवळजवळ पांढरा.

एम.एस्सी.च्या तोंडी परीक्षेला आता नवा नियम होता. प्रकल्पात कृत्रिम बुद्धीचा ‘सहायक’ खुशाल वापरा. पण परीक्षक सांगतील ते एक मोजमाप त्यांच्यासमोर, सहायक बंद ठेवून, पुन्हा करून दाखवा.

“ही तिसरी,” डॉ. हेडाऊ मॅडम म्हणाल्या. “चिठ्ठीवर ‘बोडी’ लिहिलंयस. अहवालात तर तिन्ही तलावच आहेत.”

“मी बोडीच बोलले होते, मॅडम. सहायकाने प्रमाण शब्द घातला. मलाही तो बरा वाटला. बोडी म्हटलं की वर्गात हसतात.”

“हसू देत. केवढी असते ती?”

“लहानशी. धानाला पाणी द्यायला खोदलेली. आत्ता गुडघाभर असेल.”

“आणि तिच्यात लिटरमागे सहा मिलिग्रॅम प्राणवायू? हा आकडा तुझा की सहायकाचा?”

‘माझा’ म्हटलं असतं तर कदाचित निभावलं असतं. रोशनीने मुळात मोजलेला आकडा बराच कमी होता. ‘तलावासाठी हे असंभाव्य. उपकरणदोष समजून दुरुस्त करू?’ असं सहायकाने विचारलं होतं, आणि तिने पुन्हा न मोजता ‘मान्य’ दाबलं होतं.

“सहायकाचा,” ती म्हणाली. तिची नजर पांढऱ्या साक्यावर होती. प्राणवायू असता तर तो तपकिरी झाला असता. “मॅडम, एक फोन करू? हा आकडा बघून मामीचा बचत गट आज बोडीत बोटुकली सोडतोय. बोटाएवढे मासे. चाराच्या खाली ते तग धरत नाहीत.”

“कर. पण अहवाल चुकीचा असल्याचं मला लिहावं लागेल. नापास होऊ शकतेस.”

रोशनीने फोन लावला. “मामी, बोडीत मासोळ्या सोडू नोको.”

“कावून वो? गाडी बांधावर उभी हाय! तूच त लिवून देल्लं ना!”

“माहं चुकलं. पाण्यात हवा नाही. मोठ्या तलावात सोड.”

“बरं, वळवतो गाडी. अन् तुही परीक्षा?”

“चालूच हाय.”

“परीक्षेत फोन? मास्तरीन झोपली का तुही?”

मामीचा आवाज खोलीभर ऐकू गेला. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाल्या, “जागी आहे म्हणावं. आता मोज.”

रोशनीने आम्ल घातलं. साका विरघळला, पाणी फिकट पिवळं झालं. स्टार्चचे थेंब पडताच ते निळं झालं. ब्युरेटमधलं द्रावण ती थेंबाथेंबाने सोडत राहिली. जितके मिलिलिटर लागतील, तितके मिलिग्रॅम. एका थेंबाला निळा रंग गेला आणि परत आला नाही.

तिने डोळे खुणेच्या पातळीला आणून वाचलं.

“लिटरमागे एक पूर्णांक आठ मिलिग्रॅम.”