दोन नाकांचा नियम

मालकांचा फोन आला तेव्हा तिच्या कपातला चहाही संपला नव्हता.

"नाकाडी, आहेस तशी ये. काल शाळेत आपली बिस्किटं खाऊन मुलांना उलट्या झाल्यात. आणि आत्ता भट्टीमास्तरांच्या कपाटात टर्पेंटाइनचा डबा सापडलाय."

नाकाडी हे तिचं कारखान्यातलं नाव. नाक मोठं म्हणून नव्हे, तिखट म्हणून. कोठारात पाऊल टाकल्याबरोबर कुठल्या पोत्याला ओल लागली आहे ते ती सांगायची. लोक तिची चेष्टा करायचे आणि तिच्यावर विश्वासही ठेवायचे. तिला दोन्ही आवडायचं.

सर्दीनं ती काही दिवस घरीच होती. आजच नाक मोकळं झालं होतं. ती पोचली तेव्हा मालकांच्या टेबलावर एक गंजका डबा होता, शाळेतून परत आलेली फुटकी पाकिटं होती, आणि समोर भट्टीमास्तर मान खाली घालून उभे होते. खिडकीपाशी खुर्चीत मावशी बसली होती.

मावशी तिची सख्खी मावशी. आई गेल्यावर हिनंच तिला वाढवलं, हिनंच या कारखान्यात आणलं, आणि वास कसा ओळखायचा तेही हिनंच शिकवलं. दोघी एकाच घरात राहायच्या, एकाच डब्यातलं जेवायच्या. माय मरो पण मावशी जगो, असं शेजारणी म्हणायच्या, आणि ते खरं होतं.

"मुलं कशी आहेत?" नाकाडीनं विचारलं.

"सुधारतायत," मालक म्हणाले. "शाळेच्या बाईंचा काल संध्याकाळी फोन आला होता. मावशींनी घेतला. बिस्किटांना रंगासारखा वास येतोय, असं त्या म्हणाल्या. आज सकाळी मावशी कपाटांजवळून जात होत्या, त्यांना वास आला, म्हणून हे कपाट उघडलं. दुपारी पोलीस येतील. तुला काही वेगळं सापडलं तर त्याआधी सांग."

म्हणजे मावशीला काल संध्याकाळीच कळलं होतं. रात्री दोघी शेजारी बसून जेवल्या, आणि ती याबद्दल एक अक्षर बोलली नव्हती. नाकाडीला काळजी नको म्हणून असेल. तिनं डबा उचलला. झाकण गंजून इतकं घट्ट बसलं होतं की चमच्याची दांडी घालून उचकटावं लागलं. मग मात्र भपकारा आला आणि मालकांनी खुर्ची मागे सरकवली.

तिनं मास्तरांना बाहेर नेलं.

"मास्तर, डबा तुमचा?"

"नाही गं. रंगारी आले होते ना, ते कोठारात ठेवून गेले होते असले डबे."

"कपाटाला कुलूप?"

"आत एक टॉवेल आणि चष्मा. कुलूप कशाला घालू?"

"मालकांशी भांडलात म्हणे?"

"भांडलो. बटणांची भट्टी आणतायत. म्हटलं, बटणाला पीठ कळतं का? पण म्हणून पोरांच्या तोंडात विष घालीन?" त्यांचा आवाज फाटला. "माझे केस काय उन्हात पांढरे झालेत? या भट्टीपुढं झालेत. घरी काय सांगू, पोलीस कशाला आले म्हणून?"

हा माणूस नाकाडीला लहानपणी गरम बिस्कीट फुंकून द्यायचा. दुपारपर्यंत काही सापडलं नाही तर त्याला सगळ्यांदेखत गाडीत बसवून नेणार होते.

तिनं एक फुटकं पाकीट घेतलं, डोळे मिटले आणि हुंगलं. वास होता. गोडसर, टोचणारा, नेलपॉलिशच्या बाटलीसारखा. कडेच्या बिस्किटांना जास्त, मधल्यांना कमी.

मग ती कँटीनमध्ये गेली. तुटलेली बिस्किटं पाकिटात जात नाहीत, कामगारांच्या चहासाठी पिंपात जातात.

"हा चुरा कधीचा?"

"शाळेच्या मालाबरोबरचाच," कँटीनवाला म्हणाला. "एकाच घाण्यातला. कालपासून सगळे खातायत."

तिनं खाल्ला. लोणी, साखर, व्हॅनिला. दुसरं काही नाही. एकाच पिठाची बिस्किटं, आणि पाकिटात गेलेल्यांनाच वास.

तेवढ्यात मावशी आली. "काही लागलं हाताला?"

"बघतेय."

कँटीनवाल्यानं दोघींपुढं चहा ठेवला आणि कान पकडले. "दूध लागलंय आज. सांभाळून घ्या." नाकाडीनं कप तोंडाशी नेला आणि खाली ठेवला. करपट वास डोक्यात गेला होता. मावशीनं शांतपणे सगळा कप संपवला.

"मास्तरच असणार गं," मावशी म्हणाली. "मघाशी शेजारी उभा होता. हातालासुद्धा वास येत होता त्याच्या."

नाकाडीनं मान हलवली. ती मास्तरांच्या अगदी जवळ उभी राहून आली होती. त्यांच्या हाताला पिठाचा वास होता.

पॅकिंगच्या खोलीत मशीन धडधडत होतं. चालू रोलमधला हातभर कागद तिनं कापून घेतला, काचेच्या बरणीत घातला, झाकण लावलं आणि बरणी भट्टीच्या उबेला ठेवली. थोड्या वेळानं झाकण उघडलं. तोच वास.

"मशीन बंद कर," ती कोठारवाल्याला म्हणाली. "सकाळची गाडी गेली असेल तर परत बोलाव. हा रोल कधी आला?"

"तू सर्दीनं घरी होतीस तेव्हा."

"मग पास कसा झाला? दोन नाकांचा नियम आहे ना?"

नियम जुना होता. नव्या रोलचा तुकडा आणि एक साधं बिस्कीट रात्रभर बंद बरणीत ठेवायचं. सकाळी दोघांनी हुंगायचं. दोघांनी होकार दिला तरच रोल मशीनवर चढवायचा.

कोठारवाला गोंधळला. "मावशींनी हुंगला. म्हणाल्या, बरणी घरी नेली होती, नाकाडीनंही हुंगलाय, एकदम स्वच्छ."

नाकाडीला आधी वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. घरी बरणी आलीच नव्हती. आली असती तरी बंद नाकाला काय कळणार होतं?

तिनं छापखान्याला फोन लावला.

"हो, घाईत पाठवला," छापखानेवाला म्हणाला. "तुम्हालाच घाई होती. दोन पापुद्रे चिकटवल्यावर रोल काही दिवस उबेत ठेवावा लागतो, नाहीतर शाईतला आणि गोंदातला द्रव आतच राहतो आणि मालात उतरतो. तूप-लोणी असलेला माल तर तो ओढूनच घेतो. मी मावशींना बजावलं होतं, रोल ताजा आहे, नीट हुंगा."

"मग?"

"माझ्यासमोर नाकाला लावला. म्हणाल्या, छान आहे."

फोन ठेवून ती तिथंच बसून राहिली. मावशीनं लाच खाल्ली असेल, हे तिला पटेना. मग तो करपट चहा आठवला. घट्ट झाकणाचा डबा आठवला. ती उठली, कँटीनवाल्याकडून एक वस्तू मागून घेतली, ती दुसऱ्या बरणीत घातली, आणि त्या बरणीला बाहेरून वर्तमानपत्र गुंडाळून मालकांच्या खोलीत गेली.

मालक होते, मास्तर होते, मावशी होती. तिनं मावशीपुढं बरणी ठेवून झाकण काढलं.

"मावशी, हा पाकिटातला वास आहे का बघ."

मावशीनं सवयीनं तिच्याकडं पाहिलं. "आधी तू."

"आज आधी तू."

मावशीनं बरणी नाकाशी नेली. बराच वेळ धरली. टेबलापलीकडं मालकांनी नाक मुरडलं होतं, पण ते काही बोलले नाहीत.

"हाच," मावशी म्हणाली. "रंगाचाच आहे."

नाकाडीनं बरणी उपडी केली. टेबलावर ठेचलेला लसूण पडला.

"मास्तरांनी काहीही केलेलं नाही," ती म्हणाली. "पिठात काही घातलं असतं तर चुऱ्यालाही वास आला असता. वास पाकिटाचा आहे. रोल कच्चा होता. मावशीनं एकटीनं हुंगला आणि पास केला, कारण तिला वासच येत नाही. शाळेचा फोन आला तेव्हा तिला कळलं काय झालं असेल ते. पण बाई रंगासारखा वास म्हणाल्या होत्या, आणि तिच्याजवळ तेवढा शब्दच होता. तिनं कोठारातला रंगाऱ्यांचा डबा उचलला आणि मास्तरांच्या कपाटात ठेवला. पाकिटाचा वास गोडसर आहे, टर्पेंटाइनचा उग्र. नाक असलेल्या माणसानं हा डबा निवडलाच नसता. आणि ते झाकण इतकं घट्ट होतं की कपाटाबाहेर वास येणं शक्यच नव्हतं."

ती मावशीकडं वळली.

"मावशी, कधीपासून?"

"मागच्या वर्षी ताप आला होता," मावशी म्हणाली. "तेव्हा नाक गेलं, परत आलं नाही. सांगितलं असतं तर घरी बसवलं असतं. तू होतीसच की. तू बोलायचीस, मी हो म्हणायचे. चाललं होतं."

"आधी तू" हा नाकाडीला मान वाटायचा. गुरूनं शिष्याला पुढं केलं, असं ती लोकांना कौतुकानं सांगायची.

"पण मास्तर का?"

"तुझ्यावर आलं असतं गं. तुझ्यासाठीच केलं."

"मी घरी होते. माझ्यावर काहीच आलं नसतं. तू माझं नाव सांगितलंस म्हणून आलं असतं." तिला आता रडू आवरेना. "आणि आज सकाळी मशीन त्याच रोलवर चालू होतं, मावशी. तुला माहीत होतं. आणखी मुलांनी खाल्लं असतं. तू खिडकीत बसून होतीस."

मास्तर मावशीकडं वळून बोलले, रागानं नाही, थकल्यासारखे.

"मावशी, मला विचारायचं होतं. बरणी घेऊन भट्टीवर आला असता तर मी हुंगून सांगितलं असतं. कुणाला कळलंही नसतं."

मालकांनी डबा कपाटात कुलूपबंद केला, मास्तरांपुढं हात जोडले आणि शाळेला फोन करायला ते बाहेर गेले. पोलिसांना येऊ दे, एवढं मात्र जाताना म्हणाले. मास्तरही त्यांच्या मागोमाग भट्टीकडं गेले. खोलीत दोघीच उरल्या. टेबलावरचा लसूण पुसायला नाकाडीनं फडकं घेतलं, तसं मावशीनंही सवयीनं पदर खोचला आणि मग तशीच उभी राहिली.

दुपारचा घाणा भट्टीतून निघाला होता. दार उघडंच होतं.

"आज काय केलंय गं मास्तरनं?" मावशीनं हळूच विचारलं. "वास येतोय का?"

लोणी भाजल्याचा खमंग वास खोलीभर झाला होता. त्यात किंचित दालचिनी होती, मावशीच्या आवडीची. नाकाडी फडकं पिळत राहिली. तिनं काही सांगितलं नाही.