लाल पडलेली खाडी

निशिगंधाला वाटलं होतं, सिनेमाचा डबा उघडला की खाडी निळी दिसेल. निदान फिकट निळी. मिठागरं पांढरी आणि बांधावरची माणसं माणसांच्या रंगाची. मिळालं ते सगळं लाल. आभाळ लाल, पाणी लाल, मिठाच्या राशी गुलाबी, आणि माणसं तर मातीतून नुकती उपटून काढल्यासारखी.

"चाळीस वर्षं डब्यात कोंडलं तर माणूससुद्धा लाल होईल रागानं," रोह्याचे हैबतराव म्हणाले. एके काळी ते तंबूत सिनेमे दाखवत गावोगाव फिरायचे. 'उधाणबांध'ची ही एवढीच प्रत त्यांनी सांभाळली होती. सिनेमा काढणारे तर केव्हाच पांगले होते.

जुन्या फिल्मवरचे निळे-हिरवे रंग आधी उडतात आणि लाल मागे उरतो, हे निशिगंधा प्रागमध्ये शिकून आली होती. तिथली नोकरी सोडून ती रोह्याजवळ वरसेला काकांच्या माडीवर येऊन राहिली ती याच सिनेमासाठी. धरमतरच्या खाडीवर, इथल्याच माणसांना उभं करून काढलेला. काम कुणी सांगितलं नव्हतं, तिचं तिनेच अंगावर घेतलं होतं. मुंबईहून प्रत स्कॅन करून आणली आणि लॅपटॉपवर एकेक दृश्य धुवायला बसली. खरा रंग परत देणं म्हणजे या माणसांना न्याय देणं, असं ती जेवताना तावातावाने सांगे. काकू म्हणे, "न्याय दे गो बाई, पण आधी आमटी घे."

पण खरा रंग कोणता होता, हे सांगायला तेव्हाचं कुणीतरी हवं होतं. म्हणून ती पेणला गेली आणि तिथून खाडीकाठच्या गावात, सिनेमात उभ्या राहिलेल्या धोंडुबाईकडे.

धोंडुबाई पडवीत वाल सोलत बसली होती. एका डोळ्याने दिसत नव्हतं, दुसऱ्याने जेमतेम. सून नम्रता चहा ठेवून गेली.

"येवढ्या लांब जाऊन सिनेमा धुवायला शिकलीस?" म्हातारी म्हणाली. "धुणं तं आमी पन धुताव गो!"

निशिगंधा हसली आणि तिने लॅपटॉप तिच्यापुढे धरला. बांधावर अख्खं गाव टोपल्या घेऊन उभं होतं.

"ही मी." म्हातारीने पडद्यावर बोट टेकवलं. पुढच्या रांगेत एक तरुण बाई, कमरेला टोपली, तोंडभर हसत होती. "आनि मागं, पार टोकाला... ती माझी लेक, मालू."

टोकाला एक लाल ठिपका होता. चेहरा म्हणावा तर चेहरा.

"परकर पोपटी व्हता तिचा. फोटो नाय माझ्याकडं, हाय तो येवढाच." म्हातारीने पदराने डोळा पुसला. "हा डोला हाय तवर मला तिचं तोंड दाव. मंग काय बी नको."

बांधाला भगदाड पडलं की इथे 'खांड गेली' म्हणतात. तशी हाक आली की चुलीवरचं तसंच टाकून अख्खं गाव चिखलाच्या टोपल्या घेऊन धावतं. नाही धावलं तर खारं पाणी भातशेतीत शिरतं आणि जमीन वर्षानुवर्षं पिकत नाही. सिनेमात तीच हाक होती. शूटिंगच्या दिवशी सकाळपासून नट हाक मारत होता, गाव धावत होतं आणि सिनेमावाले साहेब 'पुन्हा' म्हणत होते.

"धावून धावून दमलाव. मंग ठरवलं, मशीनवाल्यानं हात केल्याबिगर हालायचं नाय. कवा कोन मुद्दाम 'खांड गेली' बोंबलायचा, आमी नुसतं हसायचाव." तिचे हात वालांवर थांबले. "त्याच दुपारी अवसेच्या उधानानं टोकाचा बांध खराच गेला. मालू त्यात..."

निशिगंधाने लॅपटॉप मिटला.

"पन तिनं हाक मारली नाय. समदे बोलतात, येकदम गेली. हाक मारली असती तं मी धावली नसती काय गो? येवढ्यावरच जगली मी."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, माडीवर, निशिगंधाने ते दृश्य उघडलं. आधी निळा चढवला, मग हिरवा. आभाळ मोकळं झालं. मीठ पांढरं झालं. आणि मघापर्यंत एकच लाल दिसत होतं, त्याचे दोन भाग झाले. एकीकडे चिखल, दुसरीकडे पाणी.

तिने ते टोक मोठं करून पाहिलं. टोकाच्या बांधाला खांड गेली होती. पाणी फेसाळत आत उडी घेत होतं. त्याच्या अलीकडे पोपटी परकरातली पोर दोन्ही हात वर करून उभी होती. तोंड उघडं होतं, जबडा ताणलेला, मानेच्या शिरा दिसाव्यात इतका. आणि पुढे सगळं गाव हसत होतं. सगळ्यांत जास्त धोंडुबाई.

सिनेमा नवा होता तेव्हा गावातलं कुणी तो बघायला गेलंच नव्हतं. बाकीच्या प्रेक्षकांना पुढचा नट दिसला. आणि पुढे डब्यातल्या डब्यात सगळं लाल होऊन गेलं.

निशिगंधाचे हात सवयीने काम करत राहिले. चेहरा उजळण्यासाठी तिने मालूच्या तोंडाभोवती एक वर्तुळ काढलं. चेहरा हलेल तसं वर्तुळ आपोआप त्याच्यामागे सरकतं, ही या कामातली नेहमीची सोय. दृश्य संपलं. पुढचं दृश्य नायिकेच्या स्वयंपाकघरातलं. तिथे मालू नव्हती, वर्तुळाने थांबायला हवं होतं.

ते थांबलं नाही.

चुलीवरून, भांड्यांवरून, नायिकेच्या खांद्यावरून ते पुढे येत राहिलं. येता येता मोठं होत होतं. तिने ते पुसलं, पुन्हा काढलं. पुन्हा निघालं. शेवटी तिने चित्रच बंद केलं. काळ्याभोर पडद्यावर एकटं पांढरं वर्तुळ येत होतं... वर-खाली होत, मधेच घसरत, सावरत. ओल्या बांधावरून कुणी धावत यावं तसं.

आवाज बंद होता. खाली काकूच्या कुकरची शिट्टी झाली. माडीवर मात्र ओहोटीच्या चिखलाचा वास भरला होता, उग्र, खारट, नाकात बसणारा. खाडीपासून इतक्या लांब, वरसेत, कुठून येणार तो वास?

वर्तुळ माणसाच्या चेहऱ्याएवढं झालं आणि तिच्यासमोर थांबलं. थांबूनही हलत होतं. दम लागलेल्या माणसाचं तोंड हलतं, तसं.

"मालू...?"

वर्तुळाची थरथर थांबली.

भीतीच्या आतून निशिगंधाला रडू फुटलं. ही पोर घाबरवायला आली नव्हती. चाळीस वर्षं ती एकच हाक मारत होती, आणि दर वेळी लोक समजत होते, शूटिंग चालू आहे.

"ऐकलं..." ती कुजबुजली. "ऐकलं गो मी..."

वर्तुळ वळलं आणि लहान होत निघून गेलं. तिच्याकडे नाही, आणखी कुणाकडे तरी निघाल्यासारखं.

सकाळी ती उठली ती एक गोष्ट मनाशी धरूनच. म्हातारी ज्यावर जगली ते काढून घ्यायचं नाही. त्या दृश्यावर चढवलेले सगळे रंग तिने पुसले. खात्री करावी म्हणून मुंबईहून आलेली मूळ फाईल उघडली, जिला तिने कधी हात लावला नव्हता. सगळं लाल होतं. मालू पुन्हा ठिपका झाली होती. तिला हायसं वाटलं.

मग तिची नजर पुढच्या रांगेवर गेली. गाव हसत होतं. मधली एक बाई मात्र, कालपर्यंत तोंडभर हसणारी धोंडुबाई, हसत नव्हती. तिची टोपली पायाशी पडली होती आणि ती पाठमोरी उभी होती, टोकाच्या बांधाकडे तोंड करून.

निशिगंधाने दृश्य मागे नेलं, पुन्हा लावलं. बाई पाठमोरीच होती.

तिने धोंडुबाईच्या घरी फोन लावला. नम्रताने उचलला. मागे कोंबड्या ओरडत होत्या.

"आई हायत ना," नम्रता म्हणाली. "पन काल सांजपासून पडवीत खाडीकडं तोंड करून बसल्यात. जेवल्या नायत. हाक मारली तं वळत पन नायत... तू कायतरी बोललीस काय गो त्यांना?"

"नाही," निशिगंधा म्हणाली. "अजून नाही. मी येते. तोवर त्यांना एकटं सोडू नका, वहिनी. उंबऱ्याबाहेर जाऊ देऊ नका."

फोन ठेवताना तिला कळलं, हाक म्हातारीपर्यंत पोहोचली होती, आता झाकण्यासारखं काही उरलं नव्हतं. मग तिने ठरवलं. लॅपटॉप न्यायचा नाही. म्हातारीजवळ बसायचं, तिचे हात हातात घ्यायचे आणि तिच्या मालूने हाक मारली होती, हे आपल्या तोंडाने सांगायचं.