दुसरा अंगठा

घरातल्या सगळ्यात लहान मुलीला धाकटी म्हणतात, त्यात विशेष काही नाही. पण ती मुलगी एक्केचाळीस वर्षांची झाली, कपाळावरची बट पांढरी झाली, तरी तेच नाव चालू राहिलं, तर कुठेतरी पाणी मुरतंय असं समजावं.

लहानपणी धाकटीला आकडी यायची. शेवटची आली तेव्हा ती कॉलेजात होती. पुढे डॉक्टरांनी गोळ्या कमी केल्या, मग बंद केल्या, मग ते डॉक्टरच निवृत्त झाले. घरच्यांनी मात्र तिला तळहातावरच्या फोडासारखं जपणं सोडलं नाही. तिच्या बाथरूमला आतून कडी नव्हती. पोहणं नाही, सायकल नाही, गच्चीच्या कठड्याला टेकणं नाही. ती चष्म्याच्या दुकानात काचा घासायची. फिरत्या चाकावर काच धरून दिवसभर बसायची, आणि आजवर तिच्या हातून फुटलेल्या काचा बोटांवर मोजता आल्या असत्या. तरी रोज दुपारी आईचा फोन यायचाच, "बरी आहेस ना?"

अशा बाईने विमान उडवायचं ठरवलं. खरं नव्हे; फोमचं, हातभर लांबीचं, रिमोटवर उडणारं.

"आणि पडलं म्हणजे?" आईने विचारलं.

"पडलं तर पडेल. मी खालीच उभी असते."

याला कारण झाले मास्तर. मास्तर म्हणजे जन्मभर रेडिओ दुरुस्त केलेले एक म्हातारे गृहस्थ. चष्मा करायला दुकानात आले आणि म्हणाले, "जवळचं नाही दिसलं तरी चालेल, पण लांबचं बारीक दिसलं पाहिजे. आभाळातलं." धाकटीने नंबर लिहिता लिहिता मान वर केली. पुढच्या रविवारी ती त्यांच्या मैदानावर हजर होती.

मैदान म्हणजे बंद पडलेल्या कागद कारखान्याची मागची जागा. एका बाजूला गंजलेली पाण्याची टाकी, दुसऱ्या बाजूला लांबलचक भिंत, आणि मधे पूर्वी ट्रक उभे राहायचे ती सिमेंटची पट्टी. वारा कळावा म्हणून मास्तरांनी एका काठीला जुन्या सदऱ्याची बाही बांधली होती. भिंतीलगत एक बाक होता. त्याच्यावर दादा बसायचा. दादा तिच्याहून बारा वर्षांनी मोठा. तो वर्तमानपत्र घेऊन यायचा, मांडीवर ठेवायचा, आणि तसंच घडी न मोडता परत न्यायचा. त्याचं लक्ष विमानाकडे नसायचं. धाकटीकडे असायचं.

शिकवायची पद्धत सोपी होती. दोन रिमोट, एक तिच्या हातात, एक मास्तरांच्या, आणि दोन्हींना जोडणारी एक काळी वायर. मास्तरांच्या रिमोटला वर एक खटका होता. "हा मी ओढून धरलाय तोवर विमान तुमचं," ते म्हणाले. "सोडला की माझं. तुम्ही गडबडलात की मी सोडणार. लाजायचं नाही."

उडवणं ती लवकर शिकली. अडायचं ते उतरवताना. विमान लांब जात असतं तोवर डावं ते डावं आणि उजवं ते उजवं. पण ते वळून आपल्याकडे तोंड करून येऊ लागलं की सगळं उलटं होतं, आणि अंगठा नेमका नको तिकडे जातो. तसं झालं की मास्तर खटका सोडायचे आणि विमान अलगद पट्टीवर टेकवायचे. महिने गेले, तरी धाकटीने एकदाही स्वतः विमान उतरवलं नव्हतं.

एका रविवारी ती म्हणाली, "मास्तर, आज घेऊ नका. मोडलं तर नवीन आणीन."

विमान टाकीवरून वळून समोर आलं. खाली येता येता डावा पंख कलला. तिने रिमोटवरची दांडी ढकलली, आणि ढकलतानाच तिला कळलं की उलटीकडे ढकलली. पंख आता जमिनीत घुसणार, इतक्यात तो शांतपणे वर आला, विमान सरळ झालं आणि पिकलं पान पडावं तसं पट्टीवर टेकलं.

"घेतलंतच ना शेवटी?" ती वळून म्हणाली.

मास्तरांनी आपला रिमोट तिच्यापुढे धरला. ओढलेल्या खटक्याला काळी चिकटपट्टी गुंडाळलेली होती. "बोट दुखतं म्हणून सकाळीच बांधून टाकला. मला घ्यायचं असतं तरी घेता आलं नसतं."

तिने चिकटपट्टी नखाने खरवडून पाहिली. घट्ट होती.

"बोटं डोक्याच्या आधी शिकतात, ताई," मास्तर म्हणाले. "तुमच्याच हातून झालंय ते."

पुढच्या खेपेला वायर निघाली. धाकटीने एकटीने विमान उडवलं, तीन घिरट्या घेतल्या आणि उतरवलं. मास्तरांनी टाळ्या वाजवल्या. दादा बाकावरून उठून आला, कधी नव्हे ते हसत. एकटी धाकटी तेवढी गप्प होती. आपण काय केलं ते तिला पक्कं ठाऊक होतं. उतरताना ती पुन्हा चुकली होती, आणि विमान चुकलं नव्हतं.

तिने मास्तरांना सांगितलं. मास्तर हसले नाहीत, एवढं त्यांचं मोठेपण. त्यांनी विमानाचं पोट उघडलं, एकेक तार तपासली, रिसीव्हर काढून दुसरा बसवला. तोल सांभाळणारं एक छोटं यंत्र असतं, ते काहीजण बसवतात. या विमानात ते नव्हतं. जमिनीवर ठेवून पाहिलं तर दांडी डावीकडे की शेपटी डावीकडे, उजवीकडे की उजवीकडे. कशातही खोट नव्हती.

मग तिने स्वतःच तपासायचं ठरवलं. काचेत बुडबुडा आहे का हे बघायला काच तिरकी धरावी लागते. तिला ती सवय होती. तिने उंचावर मुद्दाम चुका केल्या. विमान डगमगलं, उलटंपालटं झालं, त्याने तिचं सगळं ऐकलं. खाली आणून तशीच चूक केली, तर ऐकलं नाही. मग एकदा उतरवायच्या वेळी तिने दोन्ही अंगठे दांड्यांवर नुसते ठेवले, जोर न लावता.

डावी दांडी हळूच मागे आली. तिचा अंगठा तिच्यासोबत आला. लहान मुलाचा हात धरून पाटीवर अक्षर गिरवून घ्यावं, तसा. अंगठ्याच्या नखावर तिला दाब जाणवला. कोरडा, किंचित ऊबदार.

विमान सुरेख उतरलं.

"वा," दादा म्हणाला.

धाकटीला आधी भीती वाटायला हवी होती. तिला आधी राग आला.

त्या संध्याकाळी तिने दोघांना सगळं सांगितलं. मास्तरांनी चष्मा काढून पुसला. "चाळीस वर्षं रेडिओ उघडले," ते म्हणाले. "बंद रेडिओतून आवाज आलेलाही ऐकलाय. कारण दर वेळी सापडतंच असं नाही. पण तुमचं नुकसान काय होतंय, ते सांगा. विमान तर शाबूत राहतंय."

"आणि तूही," दादा म्हणाला. "कोणी सांभाळून घेत असेल तर वाईट काय त्यात?"

"कोण सांभाळून घेतंय?"

दादाने वर्तमानपत्राची घडी उगाच सरळ केली.

"एवढ्या वर्षांत मी एक गोष्ट धड पाडली नाही, दादा," धाकटी म्हणाली. "तुम्ही पडूच दिली नाहीत. हे विमान माझ्या पगाराचं आहे. ते माझ्या हातून पडलं पाहिजे, नाहीतर माझ्या हातून उतरलं पाहिजे. मधलं मला नको."

"उगाच हट्ट करू नकोस."

पण दादाचं म्हणणं ऐकेल ती धाकटी कसली.

बुधवारी दुकान अर्धा दिवस बंद असायचं. धाकटी घरी गेलीच नाही. विमान सकाळीच मोठ्या पिशवीत घालून दुकानात आणलं होतं. फोन काउंटरच्या खणात ठेवला, कुलूप लावलं आणि बस धरून मैदानावर गेली. मैदानावर कोणी नव्हतं. वारा होता. काठीवरची बाही भरून आडवी झाली होती आणि मधूनच कोणी झटका दिल्यासारखी दिशा बदलत होती. अशा हवेत मास्तरांनी विमान पिशवीतून काढूच दिलं नसतं.

विमान उडालं. वाऱ्याने ते दोनदा उलटंपालटं केलं, दोन्ही वेळा धाकटीने सावरलं, आणि ते तिचं तिने सावरलं होतं. अंगठ्यावर दुसरं काही नव्हतं. तिला इतकं बरं वाटलं की ती मोठ्याने हसली. मग तिने विमान टाकीवरून वळवलं आणि खाली आणायला लागली.

डावी दांडी आपणहून पुढे गेली, मोटरचा जोर वाढला. नाक वर झालं. विमान पुन्हा उंच गेलं.

तिने पुन्हा वळवलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा ती खाली आणायला गेली, तेव्हा दांडी हललीच नाही. विमान मैदानावर गोल घिरट्या घालू लागलं, सारख्या उंचीवर, इतक्या गुळगुळीत की वारा त्याला लागतच नसावा. तसं वळण मास्तरांनासुद्धा जमत नसे.

"खाली आण," धाकटी म्हणाली.

विमान फिरत राहिलं.

बॅटरी संपत आली होती. धाकटीने क्षणभर विचार केला आणि रिमोटचं बटण दाबून तो बंद केला. रिमोट बंद पडला की मोटर आपोआप थांबते आणि विमान खाली यायला लागतं. हे मास्तरांनी तिला पहिल्याच दिवशी दाखवलं होतं. रिमोटवरचा हिरवा दिवा विझला.

मोटरचा आवाज तसाच चालू होता.

ती मान वर करून बघत राहिली. हातात मेलेला डबा, आणि डोक्यावर विमान, संथ, गोल, जपून. पाळणा हलवावा तसं.

धाकटीचे पाय थरथरले. हा थरथराट तिच्या ओळखीचा नव्हता. आकडीच्या आधीचा वेगळा असायचा, तो तिने झोपेतही ओळखला असता. ही भीती होती. तिने ती येऊ दिली. मग भिंतीजवळची सुरक्षित जागा सोडून ती चालत पट्टीच्या मधोमध गेली, जिथे उडवणाऱ्याने कधी उभं राहायचं नसतं, आणि रिमोट पुन्हा सुरू केला.

"मी आता विमान खाली आणणार आहे," ती म्हणाली. तिचा आवाज दुकानात गिऱ्हाइकाला दर सांगावा तितका साधा होता. "नीट येणार नाही. मोडेल. तू हात काढ."

तिने दोन्ही अंगठे दांड्यांवर ठेवले.

ते दुसरे अंगठे आधीच तिथे होते. दोन्हीकडे. तिच्या नखांवर, घट्ट.

तिने ढकललं. दांडी हलेना. नखं पांढरी पडली. मनगटात कळ आली. वर विमान जागच्या जागी थरथरायला लागलं.

"काढ."

दाब वाढला.

"तुझ्या मायेशी मला काही देणंघेणं नाही. काढ म्हणते ना."

आणि दार ढकलत असताना पलीकडून कोणी एकदम कडी काढावी, तसं झालं.

दांड्या टोकाला आदळल्या. विमान दगडासारखं सुटलं. डावीकडे कललं, तिने डावीकडे दाबलं, चुकलं, उजवीकडे दाबलं, उशीर झाला. ते तिच्या खांद्यावरून शीळ घालत गेलं, पट्टीवर चाकं आपटली, एक चाक उडून गेलं, विमान कोलांटी खाऊन पाठीवर पडलं आणि घसरत घसरत सिमेंटवरच थांबलं.

पट्टीवरच. कडेच्या गवतात नाही.

धाकटी पळत गेली. पंख मधोमध फाटला होता. नाकावरचा पंखा तुटला होता. पोटातून एक लाल तार बाहेर आली होती. तिने ते सगळं मांडीवर घेतलं आणि तिथेच खाली बसून हसली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. इतकं वाईट लँडिंग त्या मैदानावर कोणी केलं नसेल. आणि ते पूर्णपणे तिचं होतं.

आजूबाजूला काही नव्हतं. अंगठे दुखत होते, बाकी त्यांच्यावर काही नव्हतं. वारासुद्धा पडला होता.

ती तुकडे पिशवीत भरून निघाली. कारखान्याच्या फाटकाबाहेर रुंद रस्ता होता आणि पलीकडे बसथांबा. कलत्या उन्हात रस्ता दोन्हीकडे लांबवर दिसत होता. डावीकडे काही नव्हतं. उजवीकडे काही नव्हतं. तिने पाऊल उचललं.

पाऊल पुढे पडलं नाही.

तिने खाली पाहिलं. मग उजव्या हाताकडे. कोपराच्या वर तिच्या सदऱ्याची बाही आत दबली होती. एका बाजूला चार चुण्या, शेजारी शेजारी. दुसऱ्या बाजूला एक, जरा रुंद.

रस्ता रिकामा होता. धाकटी त्या चुण्यांकडे बघत उभी राहिली.

"सोड," ती म्हणाली.

चार चुण्या एकेक करून सुटल्या. पाचवीला बराच वेळ लागला.