मागे बघायचं नाही

सगळ्या वस्तीची गुरं आज मेता नदीपलीकडे न्यायचीच होती! पुराचं पाणी गवताळ रानात शिरलं होतं, आणि ज्या उंचवट्यावर कळप अंग चोरून उभा होता तो सकाळपासून निम्मा झाला होता. पलीकडचा काठ उंच होता. मधे नदी, मातकट, फुगलेली, आणि तिच्या पोटात काय काय दडलंय ते देव जाणे!

कळपापुढे गात, पोहत जाणारा माणूस हवा होता. इतकी वर्षं ते काम रोमुआल्दोनं केलं. मागच्या पावसाळ्यात तो तापानं गेला आणि त्याची जागा न मागता त्याच्या मुलाला, बेलार्मिनोला, मिळाली. "बापाचा आवाज, बापाची छाती! पुढारपण रक्तातच आहे याच्या," असं वस्ती म्हणायची. बेलार्मिनोला मात्र आपल्या रक्तात भीतीशिवाय काही सापडत नव्हतं.

घोड्याची आयाळ धरून तो पाण्यात उतरला. बापाचं गाणं ओरडून म्हणू लागला. कळप मागून आला. शेपटाला त्याची थोरली बहीण त्रान्सितो तिच्या घोडीवर होती, आणि बाजूनं म्हातारे लिओनिदासकाका डोंगी वल्हवत होते. निम्मी नदी सरली, आणि मागून एका वासराचा हंबरडा आला. पाठोपाठ त्रान्सितोची किंकाळी, "मगर!"

बेलार्मिनोनं वळून बघितलं.

झालं! पुढच्याचं तोंड फिरलं तसं पहिल्या बैलाचंही फिरलं. त्याच्यामागे दुसऱ्याचं, तिसऱ्याचं. बघता बघता अख्खा कळप पाण्यात गरगर फिरू लागला. शिंगांवर शिंगं! एकमेकांच्या पाठीवर चढून गुरं बुडू लागली. काकांनी डोंगी मधे घातली आणि वल्ह्यानं बडवून बडवून उरलेली कशीबशी उंचवट्याकडे परतवली.

"शेण खाल्लंस!" त्रान्सितो लालबुंद झाली होती. "मागे काय बघायला गेलास?"

"तू ओरडलीस ना ताई! मला वाटलं..."

"मी ओरडेन नाहीतर मरेन! तू पुढे होतास!"

बेलार्मिनो चिखलात मटकन बसला. "मला नाही जमायचं. बाबांना कधी भीती वाटली नाही. ते जन्मालाच तसे आले होते."

काकांना त्या अवस्थेतही हसू फुटलं. "तुझा बाप? अरे, नदीत उतरायच्या आधी झुडपामागे जाऊन ओकायचा तो! पहिल्या खेपेला अर्धा कळप घालवला त्यानं. कितीतरी दिवस त्याला कुणी कॉफीलासुद्धा विचारलं नाही."

"मग?"

"मग शिकला. ते गाणं कशासाठी होतं, सांग बरं?"

"गुरांसाठी."

"गुरांसाठी तर होतंच. पण एक ओळ म्हणून तो थांबायचा, आठवतंय? मागून मी उत्तर द्यायचो. उत्तर आलं की मागचे जिवंत आहेत हे त्याला कळायचं, मान वळवावीच लागायची नाही. आणि तू? एका दमात भसाभसा गात सुटलास!"

काकांच्या छातीत आता तेवढा दम उरला नव्हता. उत्तर त्रान्सितोनं द्यायचं ठरलं.

"आणि उत्तर आलं नाही तर?" बेलार्मिनोनं विचारलं.

काकांनी वल्हं उचललं. "तरी मागे बघायचं नाही."

"घाबरतोस काय? माझं तोंड कधी बंद पडलंय का?" त्रान्सितो म्हणाली आणि तिनं घोडीवर मांड ठोकली.

पाणी गुरांच्या पोटाला लागलं होतं. बेलार्मिनो पुन्हा नदीत उतरला. घोड्याची आयाळ त्यानं मुठीत घट्ट धरली.

"चल रे राजा, काठ जवळ!" तो गायला आणि थांबला.

"आले रे, आले!" मागून ताईचा खणखणीत आवाज आला.

पुन्हा ओळ. पुन्हा उत्तर. पहिल्या बैलाचा ऊन श्वास त्याच्या खांद्यावर येत होता. निम्मी नदी गेली. आणि मागे घोडी खिंकाळली, एकदाच, चिरक्या आवाजात!

"चल रे राजा, काठ जवळ!"

उत्तर आलं नाही.

नुसता पाण्याचा आवाज. त्याच्या अंगावर सरसरून काटा आला. मान आपोआप वळायला लागली. त्यानं आयाळीत तोंड खुपसलं. लहानपणी त्याला पोहायला शिकवलं होतं ते ताईनंच, याच नदीत!

"चल रे... राजा..."

काहीच नाही. तो रडत होता आणि गात होता. आवाज फाटला तरी गातच होता. पायाला वाळू लागली. बैल त्याला ढकलून वर चढला. शेवटचं वासरू धडपडत काठ चढून जाईपर्यंत बेलार्मिनो नदीकडे पाठ करून उभा राहिला. मगच वळला.

घोडी चिखलात थरथरत उभी होती. पाठीवर कुणीच नव्हतं!

त्याच्या तोंडचं पाणी पळालं. तेवढ्यात झाडांच्या आडून डोंगी आली. काका जीव खाऊन वल्हवत होते आणि तळाशी त्रान्सितो आडवी पडली होती. अंगातून विजेचा झटका देणारा एक लांबडा मासा या नदीत असतो, तो तिच्या पायाला भिडला होता. सगळं अंग आखडलं होतं, दातखीळ बसली होती. काकांनी तिला केसांना धरून वर ओढलं होतं. बेलार्मिनोनं तिला काठावर घेतलं, तिचे हातपाय चोळले. बऱ्याच वेळानं जबडा सुटला.

"मागे बघितलंस?" तिनं विचारलं.

"नाही."

"माझा आवाज बंद झाला तेव्हासुद्धा?"

"नाही, ताई."

तिनं त्याच्या कानशिलात भडकावली. "तेव्हा तरी बघायचं होतंस, मेल्या!" आणि त्याच्या गळ्यात पडून ती ओक्साबोक्शी रडू लागली.

तिला खाली निजवून बेलार्मिनो उठला, झुडपामागे गेला आणि भडाभडा ओकला.

काकांनी कळपावरून नजर फिरवली आणि वल्हं खाली ठेवलं. "एवढं मात्र रक्तातलं आहे हो याच्या!"