तांबड्या सुताची गाठ

दळणाचा डबा स्वयंपाकघरात टेकवला आणि शिवलीला परसातल्या शेडकडे पळाली. सोलापूरचं दुपारचं ऊन, चपलेतूनही पाय पोळत होते. शेडमध्ये मात्र गारवा असायचा. तिथले यंत्रमाग गेल्या वर्षी भंगारात गेले. उरले होते जमिनीवरचे तेलाचे डाग, भिंतीला चिकटलेले सुताचे तंतू, आणि कोपऱ्यात तिचा कॉम्प्युटर. त्या कोपऱ्यात पूर्वी चन्नप्पाचा माग होता. उजवा पाय ओढत चालणारा हा कारागीर एका दुपारी मागाशेजारीच कोसळला आणि गेला. त्यानंतर शेड बंदच पडली.

आज तिच्या ऑनलाइन खेळाच्या सीझनचा शेवटचा दिवस होता. एक मॅच जिंकली की सगळ्यात वरची रँक, आणि ती रँक असेल तरच पुण्याची एक टीम उद्या तिची ट्रायल घेणार होती. हरली तर विषय संपला. वडील, महादेवप्पा, शेड गोडाऊनला देणार हे ठरलेलंच होतं. बंदुकीचा हा खेळ त्यांनी वर्षभर खपवून घेतला, हेच खूप झालं.

पण पोरीने वर्ष फुकट घालवलं नव्हतं. बाकीचे नेमबाजी घोटत बसायचे, ही कान घोटायची. हरलेल्या मॅचचं रेकॉर्डिंग डोळे मिटून ऐकायचं. पाऊल कुठून आलं, लाकडावर पडलं की पत्र्यावर, जवळ की लांब. आता तिला नुसत्या आवाजावरून माणूस दिसायचा.

"शिवे, आज सोडायचं न्हाय बघ," हेडफोनमध्ये गुरुराज म्हणाला. करमाळ्याचा हा तिचा जोडीदार, वर्षभर सोबत खेळूनही समोर कधी न भेटलेला.

"तू लवकर मरू नकोस, म्हणजे झालं की!"

मॅच चांगलीच रंगली. बरोबरी, आघाडी, पुन्हा बरोबरी. अखेरच्या राऊंडला टीममधले बाकीचे आधीच पडले होते, मग गुरुराजही पडला.

"गेलो... आता तू एकटीच हायस. तिकडं तिघं." एवढं बोलून त्याने माईक बंद केला. मेलेल्याने गप्प बसायचं, म्हणजे जिवंत माणसाला पावलं ऐकू येतात, हा टीमचा नियमच होता.

शांतता पसरली. आणि त्या शांततेत आवाज सुरू झाला... खट्-खट्, खट्-खट्.

माग चालत होता. गल्लीतले माग तर जेवणाच्या सुट्टीत बंद होते.

विचार करायला सवड नव्हती. खेळात ती दबकत पुढे सरकली, आणि माग थांबला. मागाच्या घरात वाढलेल्या पोरीला हे सांगावं लागत नाही. सुताची तार तुटली की माग थांबतो, आणि कारागीर गाठ मारायला उठतो. आवाज जिथे थांबला तिकडे, डावीकडे, तिचा हात आपोआप वळला. दारातून शत्रू नुकता बाहेर पडत होता. तिने त्याला टिपला. माग पुन्हा सुरू झाला.

पुन्हा थांबला. जिन्यावरचा गेला.

भीती वाटत होती, पण त्याहून जास्त मजा येत होती! माग तिसऱ्यांदा थांबला, तिने गर्रकन वळून चाप ओढला, आणि पडद्यावर सोनेरी अक्षरं झळकली. सगळ्यात वरची रँक!

"जिंकलीस की गं!" गुरुराज किंचाळला. तिने आनंदाने ओरडत हेडफोन काढून टेबलावर टाकले.

खट्-खट्, खट्-खट्... आवाज शेडमध्येच होता.

मग तो थांबला.

आणि पावलं आली. अनवाणी. पाठीशी, डावीकडून. एक पाऊल पडत होतं, दुसरं ओढलं जात होतं. वर्षभर घोटलेले कान खोटं सांगेनात. पावलं खुर्चीला टेकून थांबली. तेलाचा जुना वास आला. वेणीला हलकासा ताण बसला... आणि सुटला.

ती जी पळाली ती थेट स्वयंपाकघरात, जगदेवी आत्याच्या गळ्यात पडली. "आत्या, जिंकले मी!" एवढंच तिला बोलता आलं. आत्याने त्याच शेडमध्ये अर्धं आयुष्य मागासाठी सुताच्या कांड्या भरल्या होत्या. पोरीच्या पाठीवरून फिरता फिरता तिचा हात वेणीवर थांबला.

"हे काय अडकलंय गं? तांबडं सूत... केसाला बांधून टाकलंय. कुणी मारली ही गाठ?" आत्याचा आवाज खाली आला. "चन्नप्पाबिगर एवढी बारीक गाठ कुणाला जमत न्हवती... सूत जिभेवर भिजवून मारायचा. थांब, कापून काढते."

शिवलीलाने तिचं मनगट घट्ट धरलं. तिचे डोळे चमकत होते.

"राहू दे आत्या. उद्या ट्रायल हाय."

आत्याने गाठ चिमटीत धरली आणि चटका बसल्यागत सोडली.

"अगं... ही अजून ओली हाय."